वाचकांचे प्रश्न : चारा न मागणारी शेती

गेल्या अंकात याच सदरात, मत्स्यशेती वाढल्याने समुद्रावरचा ताण हलका होईल का, या प्रश्नाचे उत्तर देताना मी ओघात लिहून गेलो होतो की, माणूस अन्नासाठी जे जे प्राणी पाळतो त्यांत शिंपल्यांइतका निरुपद्रवी प्राणी दुसरा नाही. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली तितकी उरलेल्या संपूर्ण उत्तरावर आली नाहीत. काही पत्रांत कुतूहल आहे, काहींत राग आहे, आणि एका पत्रासोबत शिणाण्यांच्या, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या लांबट शिंपल्यांच्या, सुक्क्याची कृतीही आली आहे. ती मी करून पाहिली. खोबरे थोडे कमी घातले तरी चालते. आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेत आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या खाजणात पूर्वी कोळंबीची तळी झाली. चार वर्षे पैसा आला, मग रोग आला, तळी ओस पडली आणि बांधालगतच्या विहिरी मचूळ झाल्या त्या झाल्याच. कोळंबीही ‘शेलफिश’मध्येच मोडते. मग या शेतीचे एवढे कौतुक कशासाठी?
— एक शेतकरी, अलिबाग तालुका

आपला राग रास्त आहे. घोटाळा केला आहे तो ‘शेलफिश’ या इंग्रजी शब्दाने. कोळंबी, शेवंड आणि चिंबोरी यांना तो शब्द तिसऱ्या, कालवे आणि शिणाणे यांच्या पंगतीला बसवतो. बाजारात टोपली घेऊन बसणारी कोळीण हे सगळे कधी एका नावाखाली घालत नाही, आणि तिची विभागणी या प्रश्नापुरती अधिक शास्त्रीय आहे.

कोळंबीला खाऊ घालावे लागते. तिच्या खाद्यात माशांची भुकटी असते, सोयाबीनची पेंड असते. म्हणजे समुद्रातील लहान मासे आणि जमिनीवरचे पीक असे दोन्ही खर्ची पडते. तळ्यात पाणी भरावे लागते, त्यात हवा खेळवावी लागते आणि उरलेले खाद्य व विष्ठा यांनी गढूळ झालेले पाणी कोठेतरी सोडावे लागते. किनाऱ्यावरील तळ्यांनी शेतजमीन आणि गोडे पाणी यांची जी हानी केली तिचा विचार करूनच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये किनारा नियमन क्षेत्रातील अशा तळ्यांविरुद्ध कठोर निकाल दिला, आणि पुढे २००५ मध्ये किनारी जलकृषीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा आला. आज नीट चालवलेली कोळंबीची तळी नाहीत असे माझे म्हणणे नाही, परंतु तो हिशोबच वेगळा आहे.

शिणाणे, कालवे आणि तिसऱ्या हे दोन शिंपांच्या मध्ये राहणारे मऊ अंगाचे प्राणी होत. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्यांना शिंपाधारी म्हणतात. त्यांना कोणी काही खाऊ घालत नाही. भरतीच्या पाण्यात साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. शिंपला ते पाणी आत ओढून घेतो, कल्ल्यांवर गाळतो, खाण्याजोगे तेवढे ठेवतो आणि उरलेले पाणी बाहेर सोडतो. वाढलेला शिंपला तासाला काही लिटर पाणी असे गाळू शकतो. चारा नाही, खत नाही, गोडे पाणी नाही, नांगरायची जमीनही नाही. उलट पीक काढताना त्याच्या अंगातील नत्र आणि स्फुरद पाण्याबाहेर येते, म्हणजे शेतांतून आणि गटारांतून समुद्रात वाहून गेलेल्या खताचा थोडा भाग आपण परत वर घेतो. माझे कौतुक एवढ्यापुरते आहे, आणि ते कोळंबीला लागू नाही.

प्रश्न : हे सर्व ऐकायला छान आहे, पण जगाची आठशे कोटी लोकसंख्या शिंपल्यांवर जगेल असे आपण सुचवत आहात काय? आकडे द्यावेत.
— निवृत्त सांख्यिकी अधिकारी, पुणे

जगेल असे मी सुचवत नाही. आकडे मागितलेत म्हणून देतो, पण ते जपून वाचावेत, कारण या क्षेत्रातील आकडा फसवा असतो आणि त्याचे कारण गमतीशीर आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अहवालानुसार २०२२ हे असे पहिले वर्ष ठरले की ज्यात जगात पकडलेल्या जलचर प्राण्यांपेक्षा पाळलेल्या जलचर प्राण्यांचे वजन अधिक भरले : पाळलेले सुमारे ९ कोटी ४४ लाख टन आणि पकडलेले सुमारे ९ कोटी १० लाख टन. पाळलेल्यांपैकी जवळपास १ कोटी ८९ लाख टन म्हणजे शिंपले, कालवे व तत्सम मृदुकाय प्राणी, आणि त्यांत सिंहाचा वाटा चीनचा. एकूण वजनाचा पाचवा हिस्सा म्हणजे मोठाच, असे वाटते. परंतु हे वजन जिवंत प्राण्याचे, अर्थात कवचासकट आहे. शिणाण्याच्या वजनात मांस पाव ते तृतीयांश असते. आपल्याकडच्या कालवात ते दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. तेव्हा त्या १ कोटी ८९ लाख टनांपैकी बहुतांश भाग म्हणजे चुनखडी आहे, जी कोणी खात नाही. बाजारातून किलोभर तिसऱ्या आणून चौघांच्या ताटात वाढणाऱ्या गृहिणीला हे सांगण्याची गरज नाही. धोरणे लिहिणाऱ्यांना मात्र आहे.

मग महत्त्व कशाचे? उरलेल्या मांसाचे. शिजवलेल्या १०० ग्रॅम शिणाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने आणि ६ ते ७ मिलिग्रॅम लोह असते, आणि ब-१२ जीवनसत्त्व इतके असते की रोजची गरज कित्येक पटींनी भागावी. कालवांत जस्ताचे प्रमाण इतर जवळपास कोणत्याही नेहमीच्या अन्नापेक्षा अधिक असते. आपल्या देशात रक्तक्षय आणि ब-१२ची कमतरता किती सर्रास आढळते हे वैद्यकीय व्यवसायातील वाचक जाणतातच. भात आणि डाळ उष्मांकाची गरज भागवतात. त्यांत जे उणे राहते ते थोड्याशा शिंपल्यांनी भरून निघू शकते. जगाची भूक भागवण्याच्या गोष्टीत या शेतीची भूमिका तोंडीलावण्याची आहे, आणि तोंडीलावण्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

वाढीला वाव किती, याचेही अंदाज झाले आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने तापमान, खोली आणि अन्नाची उपलब्धता पाहून शिंपल्यांच्या शेतीला योग्य असा १५ लाख चौरस किलोमीटरहून अधिक समुद्र मोजला. म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास पाचपट. २०२० मधील दुसऱ्या एका अभ्यासाने २०५० सालापर्यंत समुद्रातून मिळणारे खाद्य वर्षाला २ कोटी १० लाख ते ४ कोटी ४० लाख टनांनी वाढू शकेल असे अनुमान काढले, आणि त्या वाढीत पाळलेल्या शिंपल्यांना मोठे स्थान दिले. ही गणिते शक्यतेची आहेत. नकाशावर योग्य दिसणाऱ्या पाण्याच्या काठी रस्ता आहे का, शीतगृह आहे का आणि त्या पाण्यात वरच्या शहराचे सांडपाणी येते का, हे नकाशा सांगत नाही. माझ्या मते यांतील शेवटचा प्रश्नच निर्णायक आहे. त्याकडे पुढे येतो.

प्रश्न : आम्ही दहा जणी बचतगट चालवतो. आमच्यातल्या बऱ्याच जणी ओहोटीला खडकावरची कालवे फोडून विकतात. दोरावर शिणाणे वाढवतात असे ऐकले आहे. ते नेमके कसे करतात आणि आमच्या खाडीत जमेल का?
— महिला बचतगटाच्या अध्यक्षा, देवगड तालुका

ताई, आपल्या पत्राने मला फार आनंद झाला, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

या शेतीचे सर्वांत भव्य रूप स्पेनच्या वायव्येला गॅलिसिया प्रांतात पाहायला मिळते. तेथील खाड्यांत लाकडी तराफे नांगरलेले असतात. एकेका तराफ्याला जास्तीत जास्त पाचशे दोर आणि प्रत्येक दोर बारा मीटरपर्यंत लांब, असा तेथला नियम आहे. १९४० च्या दशकात या पद्धतीची सुरुवात झाली आणि आज असे तीन हजारांहून अधिक तराफे आहेत. तेथे पीक इतके जोमदार येण्याचे कारण वारा आहे. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारा वारा किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाहेर लोटतो आणि त्याच्या जागी खोलातले थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्या पाण्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि शिणाणे त्या खातात. खत घालण्याचे काम तेथे समुद्र स्वतःच करतो.

परंतु आपल्याला उपयोगी पडेल ते उदाहरण गॅलिसियाचे नव्हे, उत्तर केरळचे आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० च्या दशकापासून शिणाण्यांच्या शेतीवर प्रयोग केले. सुरुवातीचे तराफे खुल्या समुद्रात होते आणि पावसाळी लाटांपुढे त्यांचा निभाव लागणे कठीण होते. खरी चालना मिळाली ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, जेव्हा कासरगोड जिल्ह्यातील पडन्ना, चेरुवत्तूर या भागांतील उथळ, शांत खाड्यांत ही शेती उतरवण्यात आली आणि महिलांच्या गटांनी ती उचलून धरली. मोठे भांडवल नाही, बोट नाही, घरापासून हाकेच्या अंतरावर काम. या तीन गोष्टींमुळे ती टिकली.

पद्धत अशी आहे. ओहोटीलाही दीडदोन मीटर पाणी राहील अशा जागी बांबूचे किंवा सुरूचे खांब रोवून वर आडवे बांबू बांधतात. मांडवच म्हणा ना. पावसाळा सरल्यावर खडकांवर शिणाण्यांचे बीज धरते. दोनअडीच सेंटिमीटर लांबीचे हे बीज खरवडून आणतात, धुतात आणि दोराच्या एका मीटरला साधारण एक ते दीड किलो या प्रमाणात दोराभोवती पसरून वरून पातळ सुती कापड शिवतात. शिंपला आपल्या पायाजवळून चिवट तंतू सोडतो आणि त्यांनी दोराला घट्ट धरतो. तोवर कापड कुजून गळून पडते. हा तपशील मला नेहमीच मोहक वाटतो : कापडाचे काम संपते त्याच सुमारास शिंपल्याची पकड पक्की झालेली असते. पुढे पाच ते सहा महिन्यांत सातआठ सेंटिमीटरचे शिणाणे तयार होतात आणि जागा चांगली असल्यास मीटरला आठदहा किलो पीक निघते.

जमेल का, याचे उत्तर आपल्या खाडीच्या खारटपणात आहे. कोकणात पाऊस असा पडतो की जून ते सप्टेंबर खाडीचे पाणी वरच्या अंगाला जवळजवळ गोडे होते, आणि शिणाण्यांना ते सोसत नाही. म्हणून बीज नोव्हेंबर-डिसेंबरात बांधायचे आणि मे संपण्याआधी शेवटचा दोर वर काढायचा, हे वेळापत्रक मोडता येत नाही. मुखाकडची जागा निवडावी. पण इतकीही बाहेरची नको की उधाणाची लाट मांडव घेऊन जाईल. कालवांना कमी खारटपणा अधिक सोसतो, तेव्हा खाडीच्या थोड्या आतल्या जागेत त्यांचा विचार करावा. आपल्या जिल्ह्यात असे प्रयोग याआधी झालेले आहेत, आणि राज्य सरकारच्या कांदळवन प्रतिष्ठानाच्या उपजीविका योजनेत कालवे व शिणाणे पालनाचा समावेश आहे. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातही मार्गदर्शन मिळू शकेल. पहिल्या वर्षी दोनशे दोर बांधू नका, वीस बांधा. आणि बीज काढताना खडक पूर्ण उघडा पाडू नका. केरळातही बीजाची टंचाई ही या शेतीची जुनी अडचण आहे, कारण बीज अजून प्रामुख्याने निसर्गातूनच येते.

प्रश्न : शिंपले पाणी गाळतात म्हणजे पाण्यातील घाणही त्यांच्याच पोटात जाणार. मग ते खाणे सुरक्षित कसे?
— एक डॉक्टर, ठाणे

आपण या शेतीच्या मर्मावर बोट ठेवलेत. जो गुण तिला पर्यावरणाच्या दृष्टीने निर्दोष बनवतो तोच तिला आरोग्याच्या दृष्टीने धोकादायक बनवतो.

धोके तीन प्रकारचे आहेत आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे. पहिला सांडपाण्यातील जंतूंचा. १९८८ च्या सुरुवातीला शांघाय शहरात कावीळीची साथ आली आणि सुमारे ३ लाख लोकांना अ-प्रकारच्या कावीळीची लागण झाली. कारण ठरले सांडपाण्याने दूषित झालेल्या किनाऱ्यावरचे शिंपले, जे तेथील रिवाजाप्रमाणे उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून अर्धेकच्चे खाल्ले जात. आपल्याकडे शिंपले मसाल्यात चांगले शिजवतात ही जमेची बाजू आहे, तरी केवळ शिंप उघडली म्हणजे शिजले असे समजू नये. आतील मांस ९० अंश सेल्सियसपर्यंत तापून दीड मिनिट तसेच राहिले पाहिजे, असा सर्वसाधारण सल्ला आहे.

दुसरा धोका काही सूक्ष्म वनस्पतींच्या विषांचा. तो अधिक कपटी आहे, कारण शिजवून हे विष जात नाही आणि चवीवरून ते कळतही नाही. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील शेतीतले शिणाणे खाऊन शंभरहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावले आणि काहींची स्मृती कायमची अधू झाली. आपल्या देशातही १९९७ मध्ये केरळातील विळिञम येथे शिणाणे खाल्ल्यानंतर विषबाधेने मृत्यू झाले आहेत. यावर स्वयंपाकघरात उपाय नाही. पाण्यातील प्लवकांची, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, आणि शिंपल्यांच्या मांसाची नियमित तपासणी करणे आणि विष आढळताच विक्री थांबवणे हाच उपाय. कॅनडाने त्या घटनेनंतर तपासणीची यंत्रणा उभी केली आणि ते बेट आजही त्या देशातील शिणाण्यांचे सर्वांत मोठे उत्पादक आहे. तिसरा धोका जड धातूंचा. कारखान्यांच्या सांडपाण्याजवळ ही शेती करूच नये, याहून अधिक काही त्याबाबत सांगण्यासारखे नाही.

युरोपात शिंपल्यांच्या पाण्याची प्रतवारी करतात. शिंपल्यांच्या १०० ग्रॅम मांसात विष्ठेतून येणाऱ्या ई. कोलाय जंतूंची संख्या २३० च्या आत राहत असेल तर ते पाणी अ-वर्गाचे, आणि तेथले शिंपले थेट बाजारात जातात. त्याहून अधिक, पण ४,६०० पर्यंत असेल तर ब-वर्ग. असे शिंपले जंतुविरहित वाहत्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत काही तास ते दोनेक दिवस ठेवून स्वच्छ करावे लागतात, म्हणजे त्यांनी गाळलेली घाण त्यांनीच बाहेर टाकावी. प्रतवारीमुळे आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. खाडीचा वर्ग खालावला की त्या खाडीवर जगणारे लोक नगरपालिकेच्या दारात जाऊन बसतात, कारण आता सांडपाण्याचा खर्च त्यांच्या खिशातून जात असतो. आपल्याकडे खाडीत मैला सोडणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही याचे एक कारण असे की, त्या खाडीतून निघणाऱ्या अन्नाची कोठेही नोंद नाही. ठाणे आणि मुंबईच्या खाड्यांत आजच्या स्थितीत खाण्यासाठी शिंपले वाढवावेत असे मी मुळीच म्हणणार नाही.

प्रश्न : शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे त्यात कार्बन कायमचा अडकतो. मग या शेतकऱ्यांना कार्बनचे पैसे का देऊ नयेत?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

कारण रसायनशास्त्र आडवे येते. समुद्राच्या पाण्यातील कार्बन मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात असतो. त्यातून शिंप तयार होते तेव्हा अर्धा कार्बन शिंपेत जातो आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड म्हणून पाण्यात सुटतो. शिवाय प्राण्याचा श्वासोच्छ्वास वेगळाच. म्हणून शिंपेला कार्बनची तिजोरी म्हणणे धाडसाचे आहे. हा प्राणी वाढवताना इतर मांसाच्या तुलनेत फारच कमी हरितवायू बाहेर पडतात, हे म्हणणे मात्र पक्के आहे, आणि तेवढे पुरेसे नाही का? पैसे द्यायचेच असतील तर नत्रासाठी द्यावेत. स्वीडनमधील लीसेकील या किनारी गावाने सांडपाण्यातील नत्र काढण्यासाठी यंत्रे बसवण्याऐवजी शिणाण्यांच्या शेतकऱ्याला मोबदला देण्याचा प्रयोग केला होता. ती कंपनी पुढे आर्थिक अडचणीत आली, परंतु कल्पना विचार करण्याजोगी आहे.

प्रश्न : प्रत्येक ‘निर्दोष’ शेतीचे दोष वीस वर्षांनी कळतात. हिचे कोणते?
— एक वाचक, मडगाव

वीस वर्षे थांबण्याची गरज नाही, ते आताच माहीत आहेत.

गर्दी हा मुख्य दोष. चारा फुकट असला तरी अमर्याद नसतो; खाडीत जेवढे अन्न भरतीबरोबर येते तेवढ्यावरच सगळ्यांना जगायचे असते. दोर वाढवत गेले की एका मर्यादेनंतर पीक वाढत नाही, फक्त प्रत्येक शिंपला लहान राहतो. खाली विष्ठेचा थर साचतो, तळाचा प्राणवायू संपतो आणि चिखल काळा पडून कुजका वास येऊ लागतो. प्रवाह जोमदार असेल तर हे टळते, बंदिस्त खाडीत टळत नाही.

एकाच जातीवर भिस्त ठेवणे हा दुसरा दोष, आणि त्याचा धडा फ्रान्सने दोनदा घेतला आहे. १९७० च्या सुमारास रोगाने तेथील पोर्तुगीज कालवे जवळजवळ नामशेष केली. तेव्हा जपानी जातीची कालवे आणून व्यवसाय पुन्हा उभा करण्यात आला. २००८ पासून त्या जातीच्या पिलांनाही विषाणूने मोठ्या प्रमाणावर मारायला सुरुवात केली. बाहेरची जात आणताना तिच्यासोबत न बोलावलेले पाहुणेही येतात, म्हणून आपण आपल्या हिरव्या शिणाण्यांवर आणि स्थानिक कालवांवरच थांबावे असे माझे ठाम मत आहे.

तिसरा दोष प्लास्टिकचा आणि थर्माकोलचा. तराफे तरंगावेत म्हणून थर्माकोलचे ठोकळे वापरले की उन्हाने आणि लाटांनी त्यांचा भुगा होतो आणि तो भुगा गाळून पोटात घेणारे पहिले प्राणी म्हणजे तेच शिंपले. खांबांच्या मांडवाला असे ठोकळे लागतच नाहीत; तो बांबूचा मोठा फायदा आहे. आपण मडगावचे आहात म्हणून आठवले : गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपांचे पातळ, दुधी तुकडे बसवलेले असत. शिंपेचा उपयोग खिडकीपासून चुनाभट्टीपर्यंत सर्वत्र करणाऱ्या किनाऱ्यावर आज मांस काढून शिंपांचे ढीग रस्त्याकडेला टाकले जातात, हे बरे दिसत नाही. कोंबड्यांच्या खाद्यासाठी तरी ते दळावेत.

प्रश्न : हवामान बदलाचा या शेतीवर काय परिणाम होईल?
— शिक्षिका, चिपळूण

एक परिणाम घडून गेला आहे. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात नेटार्ट्स उपसागराच्या काठी कालवांचे बीज तयार करणारे एक मोठे केंद्र आहे. २००७-०८ मध्ये तेथील टाक्यांत पिले लाखोंनी मरू लागली. आधी जंतूंवर संशय घेतला गेला. नंतर संशोधकांच्या मदतीने ध्यानात आले की दोष पाण्याचा आहे : खोलातून वर येणारे पाणी कार्बन डायऑक्साइडमुळे आम्लतेकडे इतके झुकले होते की जन्मल्यावर पहिल्या दोन दिवसांत जी नाजूक शिंप बांधावी लागते तीच पिलांना बांधता येत नव्हती. आता तेथे पाण्याची सतत मोजणी होते, गरजेप्रमाणे त्यात सोडा मिसळून आम्लता कमी केली जाते, आणि शक्यतो दुपारनंतरचे पाणी आत घेतात, कारण दिवसभरात पाणवनस्पतींनी त्यातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलेला असतो. टाकीत हे करता येते, खुल्या खाडीत करता येत नाही. आपल्याकडे अवकाळी पावसाने ऐन हंगामात खारटपणा कोसळणे हा अधिक जवळचा धोका आहे.

आपण शिक्षिका आहात म्हणून एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. जपानच्या केसेन्नुमा येथील शिगेआत्सु हाताकेयामा हे कालवांची शेती करणारे गृहस्थ. खाडीत तांबड्या रंगाचे प्लवक माजू लागले आणि कालवे लाल पडू लागली तेव्हा त्यांनी कारण खाडीत शोधले नाही, खाडीला मिळणाऱ्या नदीच्या उगमाकडे शोधले, आणि १९८९ पासून इतर कोळ्यांना घेऊन डोंगरावर झाडे लावायला सुरुवात केली. २०११ च्या त्सुनामीत त्यांची सारी शेती वाहून गेली. त्यांनी ती पुन्हा उभी केली.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. शिंपल्यांना मेंदू नसतो म्हणून ते खाण्यास हरकत नाही, असे माझा परदेशी शिकणारा नातू म्हणतो. खरे काय?
— एक आजोबा, सांगली

मेंदू नसतो हे खरे; मज्जापेशींच्या काही गाठी मात्र असतात. त्यांना वेदना जाणवण्याची शक्यता इतर पाळीव प्राण्यांच्या मानाने फारच कमी, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि एरवी प्राणिज काहीही न खाणारे काही लोक या कारणास्तव शिंपले खातात. पण खावे की नाही हा प्रश्न मज्जासंस्थेपाशी संपतो असे मला वाटत नाही. आपण इतकी वर्षे पाळलेला नियम नातवाच्या युक्तिवादाने मोडण्याची आवश्यकता नाही. आणि नातू खात असेल तर कोंबडीपेक्षा हे बरे, एवढे त्याला अवश्य सांगा.

प्रश्न : पावसाळ्यात तिसऱ्या खाऊ नयेत असे आजी सांगत असे. त्याला काही आधार आहे का? आणि बाजारात चांगल्या तिसऱ्या कशा ओळखाव्यात?
— गृहिणी, वसई

आधार आहे. पहिल्या पावसात जमिनीवरची सगळी घाण खाडीत उतरते आणि शिंपले ती गाळून घेतात. शिवाय पाणी गोडे झाल्याने त्यांची तब्येत खालावते, आणि अंडी सोडून गेलेला शिंपला सपक व पाणचट लागतो. युरोपातही मे ते ऑगस्ट कालवे टाळण्याची जुनी रीत होती. आजींच्या नियमाने खाडीला चार महिन्यांची विश्रांतीही मिळत असे.

घेताना जड लागणाऱ्या, मिटलेल्या, समुद्रासारखा वास येणाऱ्या तिसऱ्या घ्याव्यात. अर्धवट उघडी दिसेल तिला टिचकी मारून पाहावे. मिटली तर ती जिवंत आहे, न मिटली तर बाजूला काढावी. कोठल्या खाडीतल्या आहेत हे कोळणीला विचारायला संकोच करू नये. घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात तासदोन तास ठेवल्यास पोटातील वाळू निघते, परंतु जंतू निघत नाहीत, तेव्हा चांगल्या शिजवाव्यात, आणि शिजवूनही जी शिंप उघडत नाही ती उलथन्याने उघडण्याचा आग्रह न धरता टाकून द्यावी.